पाहुण्याच्या अस्तरातला खिसा

माझ्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी 'तेव्हाच का बोलली नाहीस' असं विचारायला नको. मी बोलले होते. चांगली मोठ्यानं बोलले होते. शेजारचा न्हावी अर्धवट दाढी केलेल्या गिऱ्हाइकासकट बाहेर येऊन बघायला लागला, इतक्या मोठ्यानं. पण आमच्या घरात मला 'फौजदार' म्हणतात, आणि फौजदाराला रोजच कुणाचा तरी संशय येतो, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं आहे. त्यामुळे खरा चोर समोर बसलेला असतानाही लोक माझ्याकडेच बघून हसतात.

मी चौथी शिकलेली बाई. कपडे दुरुस्त करते. नवं शिवत नाही. पॅन्ट आखूड करणं, कोटाचं अस्तर बदलणं, बिघडलेली चेन काढून दुसरी बसवणं, पोट वाढलेल्या माणसाला कंबर सोडून देणं, ही माझी कामं. बाहेरच्या खोलीत मशीन आहे, आरसा आहे, माप द्यायला उभं राहायची जागा आहे. त्याच खोलीत सासूबाईंची खुर्ची आहे. वय एकोणऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र असे की दोन घरं पलीकडे कुणी कुजबुजलं तर इकडे अर्थासकट सांगतील.

आमचे हे एका ऑफिसात आवक-जावक कारकून. आलेला कागद घ्यायचा, गेलेला कागद द्यायचा. आयुष्यभर 'नको' म्हणायची सवय नाही. त्यांच्या साहेबांची बदली झाली आणि साहेबांनी विचारलं, माझा एक पाळीव प्राणी कोण सांभाळेल? सगळ्या ऑफिसानं खाली बघितलं. यांनी वर बघितलं. (हे नेहमी नको तेव्हा वर बघतात. लग्न ठरलं तेव्हाही असंच झालं, असं सासूबाई म्हणतात.)

तर एका संध्याकाळी हे काचेची पेटी छातीशी धरून घरात शिरले.

"मासा आहे का?" मी विचारलं.

"मासा नाही."

"मग?"

"आधी खाली बस."

पेटीत माती होती, लाकडाचं एक पोकळ ढोलकं होतं आणि त्या ढोलक्यातून एक केसाळ पाय बाहेर आला. मग दुसरा. मग आणखी. मी सहापर्यंत मोजले आणि उठून उभी राहिले.

"टॅरँट्युला म्हणतात याला," हे म्हणाले. "कोळीच असतो, फक्त मोठा."

फक्त मोठा. माझ्या तळहाताएवढा कोळी, अंगावर जुन्या गालिच्यासारखे केस, आणि म्हणे फक्त मोठा.

"थोड्या दिवसांचा पाहुणा आहे," हे म्हणाले. तेव्हापासून त्याचं नाव पाहुणा.

मी विचारलं, "थोडे म्हणजे किती? हे जगतं किती वर्षं?"

हे पेटीची काच पुसायला लागले. नवरा न मळलेली वस्तू पुसायला लागला की समजावं, उत्तर वाईट आहे.

"ते अवलंबून असतं. नर असेल तर वयात आल्यावर फार तर वर्ष-दीड वर्ष."

"आणि मादी असेल तर?"

"वीस."

"वीस काय?"

"वर्षं."

मी एक्कावन्न वर्षांची. म्हणजे मी एक्काहत्तर वर्षांची होऊन काठी टेकत आरशापुढे येईन तेव्हाही कपाटावरून हे ध्यान माझ्याकडे आठ डोळ्यांनी बघत असेल. मी तिथंच अट घातली. सासूबाईंना साक्षीला धरलं. नर असेल तर बिचारा राहू दे, दीड वर्षाचा प्रश्न आहे. मादी निघाली तर त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या मासेवाल्याच्या दुकानात. (तो मासे, पोपट, ससे, काय वाटेल ते विकतो. पण नाव मासेवालाच.)

"कबूल," हे म्हणाले.

"मग सांगा, नर का मादी?"

"ते बघून कळत नाही."

इथंच माझ्या डोक्यात पहिली टाचणी टोचली. कबूल करायची एवढी घाई, आणि बघून कळत नाही?

मी मासेवाल्याला विचारून आले. तो म्हणाला, "कात टाकेपर्यंत थांबा, ताई. कात आतून बघायची. मादी असेल तर पोटाच्या बाजूला आतून एक बारीक खिसा असतो. नराला नसतो."

"कुठे असतो नेमका?"

"पोटावर चार पांढरे डाग असतात. वरच्या दोन डागांच्या मधे. आतून, हां. बाहेरून काही दिसत नाही."

हे मात्र मला लगेच पटलं. कोट बाहेरून बघून काहीही कळत नाही. उलटा करा, अस्तर बघा, मग शिवणाऱ्याची लायकी कळते. आतले खिसे शोधण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. लोकांच्या कोटांच्या चोरखिशांतून मी काय काय काढून दिलंय ते लिहायला बसले तर चार घरं मोडतील.

तर आम्ही पाहुण्याच्या कातीची वाट बघू लागलो. तोवर अंदाज चालू होते.

"नुसता बसून खातो," सासूबाई म्हणाल्या. "पुरुष आहे."

"ढोलक्याच्या दारात सारखं विणत असते," मी म्हणाले. "बाई आहे."

"विणून झाल्यावर त्यावर पाय पसरून झोपतो."

"मग पुरुष," हे कबूल झाले.

तिकडे माझी गिऱ्हाइकं तुटायला लागली. दवाखान्यातली एक नर्सबाई पॅन्ट आखूड करायला आली होती. मी खाली बसून टाचण्या लावतेय, एक पाय झाला, दुसरा अर्धा, आणि तिची नजर कपाटावर गेली. ती एक पाय आखूड आणि एक पाय लांब अशीच रस्त्यावर गेली. टाचण्यांसकट. दिवसभर माणसांची पोटं उघडी बघणारी बाई. चपलासुद्धा तीन दिवसांनी माणूस पाठवून नेल्या. असं आणखी चार-पाच जणांचं झालं. माप द्यायची जागा ओस पडायला लागली. पंचवीस वर्षं त्या खोलीत मी मशीन चालवलंय. ती खोली मी एका कोळ्यासाठी सोडणार नव्हते.

चार महिन्यांनी एका सकाळी बघते तर पाहुणा उताणा. आठही पाय वर. मला वाटलं, मेला. (खोटं कशाला सांगू, मी चहा ठेवला.) पण दुपारी बघितलं तर पेटीत दोन पाहुणे. एक उताण्याचा सुलटा होऊन ओल्यासारखा चमकत बसलेला, आणि शेजारी दुसरा, चुरगळलेला. मी यांना ऑफिसात फोन लावला.

"दोन झालेत."

"काय दोन झालेत?"

"पाहुणे. पोर झालं असेल तर मादीच आहे, मी सांगून ठेवते."

"अगं, पोर एवढं मोठं नसतं. ती कात असेल. हात लावू नकोस, मी येतोच."

मला एक कोट पोचवायचा होता. तासाभरात आले. हे माझ्या आधी येऊन पेटीत डोकं घालून बसलेले.

"कुठंय कात?"

मी बघितलं. एकच पाहुणा. ढोलक्यात बघितलं, पाण्याच्या वाटीमागे बघितलं, बॅटरी लावून बघितलं. काही नाही.

"आई, तुम्ही इथंच होतात ना? दोन होते की नाही?"

"मला कुठं दिसतंय बाई," सासूबाई म्हणाल्या. "मला एकच दिसला."

मोतीबिंदू झाल्यापासून ज्या बाईला दिवा दोन दिसतो, चंद्र दोन दिसतात, सून दोन दिसते (आणि त्याबद्दल त्या रोज देवाकडे तक्रार करतात), तिला नेमका कोळी एकच दिसला. दुसरी टाचणी.

पण तेव्हा माझं सगळं लक्ष यांच्यावर होतं. कारण दोन दिवसांनी हे एकदम ओरडले, "सापडली," आणि पाण्याच्या वाटीमागून चिमट्यानं एक कात बाहेर काढली. त्याच वाटीमागून, जिथं मी बॅटरी लावली होती. ती घेऊन हे पायांत चपला न घालता मासेवाल्याकडे धावले आणि उड्या मारत परत आले.

"नर आहे. भिंगातून बघितलं त्यानं. खिसा नाही."

बावन्न वर्षांच्या माणसानं एका कोळ्याच्या पुरुषपणाचा इतका आनंद करावा? मी रात्री जेवताना काही बोलले नाही. मी बोलत नाही तेव्हा घरातले जास्त घाबरतात. दुसऱ्या दिवशी हे ऑफिसात गेल्यावर त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे उलटे केले, डब्याची पिशवी झटकली. एक पेनाचं टोपण सापडलं, ते माझंच होतं.

मग मी टेप काढली. कातीचा पाय सरळ करून मापला. पाहुणा काचेला चिकटून बसला होता, त्याचा तोच पाय काचेवरून मापला. दोनदा मापला. कातीचा पाय पाहुण्याच्या पायापेक्षा अर्ध्या बोटानं लांब.

आता तुम्हीच सांगा. कात म्हणजे जुना कपडा. घट्ट झाला म्हणून काढून टाकलेला. जो कपडा घट्ट झाला तो अंगापेक्षा मोठा कसा असेल? मला रोज लोकांचे घट्ट झालेले कपडे येतात. एकही पॅन्ट अशी आली नाही की माणसाला घट्ट होते म्हणून टाकलीय आणि माणसापेक्षा लांब आहे.

"ही कात त्याची नाही," मी संध्याकाळी यांना म्हणाले. तेच ते मोठ्यानं बोलणं. "ही दुसऱ्या कुणाची तरी आणून ठेवलीय. कुणी ठेवली ते बोला."

"मी? मी कुठून आणणार?"

"ते मी विचारतेय."

"अगं, वाळून सैल पडली असेल."

"वाळलेला कपडा आटतो. वाढलेला मी तरी बघितला नाही."

"आई, तू सांग हिला."

सासूबाई म्हणाल्या, "तिला लग्नात माझ्या हातच्या पाकिटाचाही संशय आला होता."

न्हावी तेव्हाच बाहेर आला होता. त्यानंही मान हलवली. कोणत्या बाजूनं हलवली ते मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी थेट मासेवाल्याच्या दुकानात गेले. दुपारची वेळ, दुकानात कुणी नाही, फक्त मासे तोंडं उघडमीट करत होते. मी कात काउंटरवर ठेवली, शेजारी टेप ठेवली.

"ही कुणाची?"

"तुमच्या कोळ्याची, ताई. मी परवा बघितली ना."

"पाय मापू का?"

त्यानं टेप बाजूला सारली. मग मागच्या एका पेटीकडे त्याची नजर गेली. त्यात एक लांबटांग्या कोळी बसला होता. मी तिकडे चालायला लागले तसा तो आडवा आला.

"ताई, मी शब्द दिलाय."

"माझ्या नवऱ्याला?"

"नाही हो. आजींना."

मी म्हणाले, कोणत्या आजींना? आमच्या आजींना खुर्चीतून मोरीपर्यंत जायला माझा हात लागतो. तो म्हणाला, सोमवारी आल्या होत्या. एकट्या. भिंतीला धरून. तुम्ही कोट द्यायला गेला होता म्हणे. पदराखाली काही तरी लपवलेलं होतं. म्हणाल्या, मादी निघाली तर सून पेटी हलवेल, म्हणून नराची एक कात दे आणि कुणी दाखवायला आणली तर नर म्हणून सांग.

"आणि तू दिलीस."

"ताई, त्या रडवेल्या झाल्या होत्या. शिवाय तुमचा कोळी माझ्याकडे आला असता तर ठेवू कुठे?" (खरं कारण लोक नेहमी शेवटी सांगतात.)

"त्यांना कोळ्याचं काय पडलंय?"

तो माशांच्या पाण्यात बोट घालून ढवळायला लागला. "तुम्हाला वाईट वाटेल."

"मला वाईट वाटत नाही. बोल."

"म्हणाल्या, घरात दिवसभर मशीन बोलतं. मुलगा येतो, जेवतो, झोपतो. मी दुपारभर त्या पेटीशी बोलते. तो निदान तोंड फिरवत नाही."

आता हे मी काय ऐकून घ्यायचं? दुपारभर मी त्यांच्यापासून चार हातांवर बसलेली असते. त्या काही बोलल्या की मी 'हं' म्हणते. तोंडात टाचण्या असतात, 'हं'पेक्षा जास्त काय म्हणणार? मला वाटायचं, त्या स्वतःशीच बोलतात. पुटपुटतात. म्हातारी माणसं पुटपुटतात. मी मासेवाल्याला म्हणाले की त्याच्या दुकानाला वास येतो, आणि घरी आले.

शनिवारी हे सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मी त्यांची उशी उचलली. खाली जुनी चष्म्याची डबी. डबीत कापसात गुंडाळलेला पाहुण्याचा जुना कपडा. काय जपून ठेवला होता. एकही पाय मोडलेला नव्हता.

मी टेप लावली. अचूक. पाहुण्यापेक्षा थोडा लहान, जसा असायला हवा तसा. मग कात कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून भिजवली, मऊ झाल्यावर मशीनच्या पाट्यावर पसरली, मशीनचा दिवा खाली ओढला. पोटाचा भाग कागदापेक्षा पातळ. श्वास धरून, दोन सुयांनी एकेक घडी उलगडली. चार पांढरे डाग दिसले. वरच्या दोन डागांच्या मधे सुईचं टोक हळूच सरकवलं आणि ते अडकलं. उचललं तर बारीक झालर उभी राहिली.

खिसा.

इतका सुबक खिसा मी कुठल्या कोटाला बघितला नव्हता. मादी. वीस वर्षं. माझं खरं ठरलं होतं, सगळ्यांचं खोटं, आणि पुरावा दिव्याखाली ओला पडला होता. हे परत यायला अजून तास होता. मी तो पूर्ण तास तिथं बसून राहिले. खुर्ची रिकामी होती, मशीन बंद होतं, आणि खोलीत कुणी पुटपुटत नव्हतं. मला सवय नव्हती.

मग मी इस्त्रीच्या उबेवर कात वाळवली, होती तशी घडी घातली, कापसात गुंडाळली, डबीत ठेवली, डबी उशीखाली ठेवली.

रात्री जेवताना मी म्हणाले, "माझं माप चुकलं होतं. कात त्याचीच आहे. मी स्वतः उलटून बघितली. नर आहे."

यांना ठसका लागला. अठ्ठावीस वर्षांत मी 'माझं माप चुकलं' असं पहिल्यांदा म्हणाले होते. पाणी प्यायले, डोळे पुसले आणि म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?" झालं. कुणी पुरावा मागितला नाही, कुणी फेरतपासणी केली नाही. खरं बोलत होते तेव्हा न्हाव्यापर्यंत कुणालाही पटलं नाही, आणि खोटं एका घासात सगळ्यांच्या गळी उतरलं.

सासूबाई मात्र जेवायच्या थांबल्या होत्या. झोपायच्या आधी त्यांनी हाक मारली.

"अगं, या डबीला साबणाचा वास कसा येतो?"

"मला काय माहीत," मी म्हणाले. "तुमच्या नाकाला मोतीबिंदू झाला असेल."

त्या हसल्या नाहीत. डबीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. त्या रात्री त्यांना सुना किती दिसल्या कुणास ठाऊक.

मी पेटीला एक पडदा शिवला. गिऱ्हाईक आलं की ओढायचा. नर्सबाई परत आली. आणि दुपारी चहानंतर अर्धा तास मी टाचण्या तोंडातून काढून त्यांच्या छोट्या गादीत खोचते. सासूबाई बोलतात. बहुतेक माझ्याविरुद्धच बोलतात, पण आता निदान मला उत्तर देता येतं.

असं दीड वर्ष गेलं. दोन वर्षं होत आली. एका रविवारी पाहुणा पुन्हा उताणा झाला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कात टाकून, आणखी जाडजूड होऊन बसला. हे म्हणाले, "वयात आलेला नर तर पुन्हा कात टाकत नाही, असं वाचलंय. आणि एवढा जगतही नाही." मासेवाल्याला भिंगासकट घरी बोलावलं. त्यानं बघितलं. यांनी बघितलं. खिसा अंगठ्यानं दाखवता येईल एवढा झाला होता.

"मादी," हे म्हणाले आणि मटकन बसले. अट त्यांना आठवली होती. चेहरा असा झाला की जणू साहेबांनी यांचीच बदली केलीय. "मग तेव्हा नर म्हणून कुणी सांगितलं?"

मासेवाला म्हणाला, "मी आपलं वरवर बघितलं. पक्कं ताईंनी केलं."

मी सासूबाईंकडे बघितलं. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय त्यांचं, आता त्यांना सगळं लख्ख एकेक दिसतं. मी तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांत सगळं त्या उशीखालून बाहेर आलं असतं. मी उघडलं नाही.

आणि त्या काय म्हणाल्या असतील? माझ्या डोळ्यांत बघून, शांतपणे:

"चूक हिची. दोन वर्षं मुकं जनावर इथं रुळलं, आता हिच्या चुकीची शिक्षा त्याला का म्हणून? ती इथंच राहील. आणि ज्याची चूक त्यानं निस्तरावी."

"म्हणजे अट रद्द?" यांनी विचारलं.

"रद्द."

मासेवाल्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. तिथल्या तिथे ठरलं की पेटी आठवड्याला मी साफ करायची. हे आवक-जावक कारकून असल्यामुळे त्यांना कागदावर आणल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी लिहिली आणि पेटीच्या काचेवर चिकटवली, नेमकी पडद्याच्या काठाखाली, माप द्यायला उभं राहिलेल्या माणसाच्या नजरेसमोर.

आज नर्सबाई आली होती. मी खाली बसून टाचण्या लावत होते. तिनं चिठ्ठी वाचली, मग मला म्हणाली, "ताई, तेवढं माप पुन्हा एकदा घेता का?"

मी पुन्हा घेतलं. काय करणार? चिठ्ठीवर लिहिलंय: 'मादी. आधी चुकून नर समजले. माप चुकले, खिसाही दिसला नाही. जबाबदार: फौजदार.'